कॉलम-बीममध्ये सळ्यांचा लॅप कुठे, किती आणि कसा बांधायचा

कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव. कोल्हापूरच्या कुठल्याही वाढत्या भागात चालू बांधकामांकडे पाहा. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या दोन-अडीच फूट काढलेल्या, सगळ्या एकाच उंचीवर कापलेल्या. पुढचा मजला चढवताना नव्या सळ्या त्यांच्या शेजारी स्लॅबपासूनच उभ्या केल्या जातात, तारेने आवळल्या जातात आणि काम पुढे सरकतं. लॅपची, म्हणजे दोन सळ्या शेजारी-शेजारी ठेवून जोडतात त्या भागाची, लांबी पुष्कळदा बरोबर असते. जागा चुकलेली असते, आणि ती एकाच वेळी सगळ्या सळ्यांची चुकलेली असते.

भूकंपात कॉलमवर सर्वांत जास्त ताण येतो तो बीमच्या लगत, म्हणजे मजल्याच्या तळाशी आणि माथ्याशी. तिथलं बाहेरचं कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) आधी फुटतं. कव्हर गेलं की लॅपची पकड सुटते. आयएस (भारतीय मानक) १८९३ (२०१६) च्या नकाशात कोल्हापूर तिसऱ्या भूकंप-विभागात येतं आणि या विभागाला भूकंपासाठीच्या बांधणीचे आयएस १३९२० चे नियम लागू आहेत. घर दोन मजल्यांचं आहे म्हणून सूट मिळत नाही.

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट पक्की हवी. एका सळईतला ताण दुसरीत जातो तो काँक्रीटमधून. बांधणीची तार त्यातला काहीच भार घेत नाही. काँक्रीट पडेपर्यंत सळ्या जागेवर धरणं एवढंच तिचं काम. म्हणून सळई स्वच्छ हवी, लॅपभोवती रिंगा (मुख्य सळ्यांना वेढणाऱ्या बारीक सळईच्या) दाट हव्यात आणि काँक्रीट सळ्यांच्या फटीत शिरायला हवं. या तीनपैकी एक गोष्ट राहिली तर लांबी वाढवून भरपाई होत नाही.

## टप्पा १: लोखंड मागवण्याआधी इंजिनिअरकडून लिहून घ्यायच्या गोष्टी

ड्रॉइंगवर ‘लॅप ५० डी’ एवढंच लिहिलेलं असतं. (डी म्हणजे सळईचा व्यास.) तेवढ्यावर फिटर (सळ्या बांधणारा कारागीर) काम करू शकत नाही. पुढच्या गोष्टी आरसीसी ड्रॉइंगवरच उतरवून घ्या:

- काँक्रीटची ग्रेड (एम २०, एम २५ अशी) आणि सळईची ग्रेड (एफई ५०० अशी), दोन्ही.
- प्रत्येक व्यासासाठी लॅपची लांबी मिलिमीटरमध्ये.
- कॉलममध्ये लॅप कुठून कुठपर्यंत, आणि कोणत्या सळ्या कोणत्या मजल्यावर.
- बीमच्या वरच्या आणि खालच्या सळ्यांचा लॅप कोणत्या खणात (दोन कॉलममधल्या भागात), कॉलमच्या कडेपासून किती अंतरावर.
- लॅपच्या भागातल्या रिंगांचं अंतर.
- कव्हर.

जाता जाता कॉलमच्या मापाबद्दल. नऊ इंची भिंतीत लपावा म्हणून २३० मिमी रुंदीचा कॉलम आपल्याकडे सर्रास मागितला जातो. आयएस १३९२० (२०१६) कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिमी सांगतं. अरुंद कॉलममध्ये दोन-दोन सळ्यांचे लॅप बसवले की काँक्रीटला खाली उतरायला वाटच राहत नाही. भिंतीबाहेर कॉलम दिसतो म्हणून कुरकुर करणाऱ्या घरमालकाला हे कारण सांगा.

## टप्पा २: लांबी ठरवणे

आयएस ४५६ प्रमाणे ताणात असलेल्या सळईची लांबी काँक्रीट आणि सळई या दोन्हींच्या ग्रेडवर ठरते. एफई ५०० सळईसाठी हिशेब असा येतो:

- एम २० काँक्रीट: ५७ डी. १२ मिमीला ६८० मिमी, १६ ला ९१०, २० ला ११४०.
- एम २५: ४९ डी. १२ मिमीला ५९०, १६ ला ७८०, २० ला ९८०.
- एम ३०: ४६ डी. १२ मिमीला ५५०, १६ ला ७३०, २० ला ९१०.

म्हणजे ‘५० डी’ हा तोंडी नियम एम २५ ला पुरतो, एम २० ला कमी पडतो. आणखी एक फसगत इथेच होते. ड्रॉइंग एफई ५०० चं असतं, दुकानातून एफई ५५० डी येतं (इथला डी ग्रेडच्या नावातला, व्यासाचा नाही). जास्त ताकदीची सळई आली म्हणून मालक खूश. पण तिची पूर्ण ताकद वापरायची तर लॅपही लांब लागतो: एम २५ मध्ये १६ मिमीला ८६० मिमी, एम २० मध्ये थेट १००० मिमी. ग्रेड बदलली की लांबी पुन्हा विचारा.

कॉलम दाबात असतो, मग कमी लॅप चालेल, हा युक्तिवाद साइटवर हमखास ऐकू येतो. भूकंपाच्या नियमात तो टिकत नाही. कॉलमची सळईसुद्धा आळीपाळीने ताणात जाते, म्हणून लॅप ताणाच्या हिशेबानेच धरायचा. खाली १६ ची आणि वर १२ ची सळई असेल तर जाड सळईची लांबी धरा.

बीमच्या वरच्या सळ्यांना एक जादा अट आहे. काँक्रीट बसताना पाणी वर येतं आणि वरच्या सळईच्या पोटाखाली पोकळ थर राहतो, पकड कमी होते. तिथे सळईवरचं कव्हर तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर लॅप १.४ पट करायचा. रिंगेवर ३० मिमी कव्हर आणि ८ मिमीची रिंग धरली तर मुख्य सळईवर ३८ मिमी कव्हर होतं. १६ मिमीला ते पुरतं, २० मिमीला नाही. त्यामुळे एम २५ मध्ये वरच्या २० मिमी सळईचा लॅप ९८० नव्हे, १३७२ मिमी लागेल.

३२ मिमीपेक्षा जाड सळईला लॅप चालत नाही. घरबांधणीत ती वेळ येत नाही.

## टप्पा ३: जागा ठरवणे

कॉलम. लॅप फक्त मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागात. बीम-कॉलमच्या सांध्यात नाही, बीमच्या कडेपासून खोलीच्या दुपटीच्या आत नाही (इथे खोली म्हणजे बाहेरच्या कडेपासून समोरच्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर). एका ठिकाणी निम्म्यापेक्षा जास्त सळ्या जोडायच्या नाहीत.

आकड्यांत बघू. मजल्याची उंची ३००० मिमी, बीम ४५० मिमी खोल. कॉलमची मोकळी उंची उरली २५५० मिमी. तिचा मधला निम्मा भाग म्हणजे तळापासून ६४० ते १९१० मिमी. ३०० बाय ३०० चा कॉलम, १६ मिमीच्या ८ सळ्या, एम २५ काँक्रीट, एफई ५०० सळई. लॅप ७८० मिमी. तो साधारण मध्ये ठेवला तर तळापासून ९०० मिमीला सुरू होतो आणि १६८० ला संपतो. फिटरच्या भाषेत तीन फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत.

आता उरलेल्या निम्म्या सळ्यांचा लॅप त्याच मजल्यावर बसेल का? दोन लॅप वेगळे धरायचे तर त्यांच्या मध्यांमधलं अंतर लॅपच्या १.३ पट, म्हणजे १०१४ मिमी हवं. दोन्ही मिळून जवळजवळ १८०० मिमी लागतात. हाताशी आहेत १२७०. बसत नाही. म्हणून निम्म्या सळ्यांचा लॅप तळमजल्यावर आणि निम्म्यांचा पहिल्या मजल्यावर, हाच साधा मार्ग. कोपऱ्यातल्या ४ सळ्या एका गटात, बाजूंच्या मधल्या ४ दुसऱ्या गटात. पुढच्या यादीत हेच ‘अ’ आणि ‘ब’ गट.

बीम. सांध्यात लॅप नाही. कॉलमच्या कडेपासून बीमच्या खोलीच्या (तशाच मोजलेल्या) दुपटीच्या आत नाही. दोन्ही टोकांकडच्या पाव-पाव खणात नाही. इथेही एका ठिकाणी जास्तीत जास्त निम्म्या सळ्या.

वरच्या सळ्यांचं सोपं आहे, त्यांचा लॅप खणाच्या मध्याजवळ घ्या. ४ मीटरच्या मोकळ्या खणात १ ते ३ मीटरचा पट्टा मिळतो आणि १६ मिमीचे दोन गट त्यात वेगवेगळे बसतात. खालच्या सळ्यांची खरी अडचण आहे. मध्यावर त्यांच्यावर रोजच्या वजनाचा ताण, टोकांना भूकंपाचा. सोयीची जागा जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे खालच्या सळईला शक्य तिथे लॅपच देऊ नका. ४-४ मीटरच्या दोन खणांच्या बीमला मधला कॉलम, दोन्ही टोकांची पकड आणि वाक धरून साधारण १० मीटर सळई लागते. बाजारात ती १२ मीटरची मिळते. दोन मीटर उरले तर त्यांच्या रिंगा होणार नाहीत हे खरं, पण तेवढा तुकडा लिंटेलमध्ये किंवा जिन्यात जिरतो. तीन खणांचा बीम असेल तर खालच्या लॅपची जागा इंजिनिअरच ठरवेल. फिटरने किंवा ठेकेदाराने ठरवायची नाही.

> सावधान: बाल्कनी, गॅलरी, छज्जा यांच्या वरच्या सळयांना भिंतीजवळ किंवा बीमजवळ लॅप कधीही नाही. ती सळई आतल्या खणातून सलग बाहेर आली पाहिजे.

## टप्पा ४: कटिंगची यादी

लॅपची जागा कापण्याच्या दिवशी ठरते, बांधण्याच्या दिवशी नाही. सळ्या एकदा सरसकट साडेतीन मीटरच्या कापल्या की पुढे कितीही काळजी घेतली तरी लॅप स्लॅबजवळच येणार. वरच्याच कॉलमची दोन मजल्यांची यादी पाहा. फूटिंगच्या जाळीपासून जोत्याच्या बीमच्या माथ्यापर्यंत १.५ मीटर, तळाला एलचा पाय ३०० मिमी, गच्चीच्या बीममध्ये ३७० मिमीचा वाक, माथ्याला ४० मिमी कव्हर.

- गट ‘अ’ खालचा तुकडा: १.५० + १.६८ + ०.३० = ३.४८ मीटर, ४ नग.
- गट ‘अ’ वरचा तुकडा: ०.९० मीटरपासून गच्चीपर्यंत ५.०६ + ०.३७ = ५.४३ मीटर, ४ नग.
- गट ‘ब’ खालचा तुकडा: १.५० + ३.०० + १.६८ + ०.३० = ६.४८ मीटर, ४ नग.
- गट ‘ब’ वरचा तुकडा: पहिल्या मजल्याच्या ०.९० पासून २.०६ + ०.३७ = २.४३ मीटर, ४ नग.

१२ मीटरच्या एका सळईतून ६.४८ आणि ५.४३ निघतात, उरतात ९ सेंटिमीटर. अशा ४ सळ्या. आणखी २ सळ्यांतून प्रत्येकी ३.४८ चे दोन आणि २.४३ चे दोन तुकडे, उरतात १८ सेंटिमीटर. पूर्ण कॉलमला ६ सळ्या, १६ मिमीचं वजन मीटरला १.५८ किलो धरून साधारण ११४ किलो. ‘मध्ये लॅप घेतला की लोखंड वाया जातं’ ही तक्रार कागदावर यादी न केल्यामुळे येते. कापण्यापूर्वी आलेली प्रत्येक सळई टेपने मोजा. १२ मीटरला थोडी कमी भरली तर ९ सेंटिमीटरची शिल्लक पुरणार नाही.

इथे वाहतुकीचा एक पेच आहे. सळ्या पुष्कळदा मध्ये दुमडून येतात. दुमड ६ मीटरवर, म्हणजे ६.४८ च्या तुकड्याच्या एका टोकापासून ४८० मिमीवर पडते. ते टोक वर ठेवलं तर दुमड लॅपच्या आत, खाली ठेवलं तर एलच्या वाकाजवळ. दोन्ही नकोत. या सळ्या सरळ मागवा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या बोळांत १२ मीटरची गाडी शिरत नसेल तर यादी दुकानातच देऊन तिथेच कापून घ्या. दुमड हातोड्याने किंवा गॅसने तापवून सरळ करू नका. टीएमटी सळईचा बाहेरचा कडक थर तापवल्याने मऊ पडतो.

तपासणी: प्रत्येक तुकड्याला रंगाचा पट्टा द्या, ‘अ’ ला एक, ‘ब’ ला दुसरा. दोन्ही गटांचे ढीग वेगळे. मिसळले की उभारणीच्या दिवशी गोंधळ ठरलेला.

## टप्पा ५: सळई, रिंगा, तार

हलका तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने घासा. पंचगंगेचं पाणी शिरतं अशा भागात २०१९ आणि २०२१ सारख्या पुरानंतर सळ्यांवर गाळाचा बारीक थर वाळून बसतो. तो बोटाला पीठ लागावं तसा लागतो आणि लॅपची पकड खातो. पाणी मारून, घासून, पुन्हा पाणी मारून काढा.

फळ्यांना लावायचं ऑइल सळ्या ठेवण्याआधी लावा. पिंजरा बसल्यावर ब्रश फिरवला की थेंब सळ्यांवर जातातच, आणि तेल लागलेल्या सळईला काँक्रीट धरत नाही.

रिंगेचे दोन्ही हुक १३५ अंशांत, आतल्या गाभ्यात वळलेले. हुकाची शेपटी व्यासाच्या ६ पट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नाही. ८ मिमीच्या रिंगेला ६५ मिमीच लागतात. ९० अंशांचा हुक कव्हर फुटताच उघडतो आणि लॅपला धरणारं काही उरत नाही.

बांधणीची तार १८ गेजची, काळी, मऊ केलेली, दुहेरी घ्यायची. टनामागे ८ ते १० किलो तार धरा.

## टप्पा ६: कॉलमची बांधणी

१. क्रँक जमिनीवरच मारा. खालच्या सळईचं वरचं टोक लॅपच्या लगेच खाली आत वळवायचं, म्हणजे वरची सळई रिंगेच्या कोपऱ्यात नीट बसते. १६ मिमीला साधारण २० मिमी आत, उतार ६ ला १, म्हणजे १२० मिमी लांबीत. पिंजरा उभा झाल्यावर पाइप घालून सळई वाकवणं बंद करा. वाक तीव्र होतो आणि बुडाशी काँक्रीट भेगाळतं. क्रँकच्या वर आणि खाली एक-एक रिंग आलीच पाहिजे.

२. फूटिंगमध्ये पिंजरा ओळंब्यात उभा करा. लाइनदोरीवरून मध्य काढा, एलचे पाय जाळीला बांधा. ‘ब’ गटाच्या सळ्या जोत्यावर ४.६८ मीटर उभ्या राहतात, वाऱ्याने हलतात. काँक्रीट घट्ट होत असताना सळई हलली तर बुडाशी तिच्याभोवती फट पडते. तीन बाजूंनी बांबूचे टेकू द्या, दोन उंचींवर बांधा, किमान तीन दिवस काढू नका. उघड्या टोकांवर टोप्या किंवा पाइपचे तुकडे घाला. डोळ्याच्या उंचीवरची सळई धोक्याची असते.

३. वरच्या सळ्या लावण्याआधी रिंगा मोजून ओवा. पूर्ण कामात सर्वांत जास्त चुका इथे होतात. आपल्या कॉलमला तळाशी आणि माथ्याशी ४५०-४५० मिमीत ७५ मिमी अंतराने ७-७ रिंगा, लॅपच्या ७८० मिमीत १०० मिमी अंतराने ९, मधल्या दोन तुकड्यांत १५० मिमीने २-२. एका मजल्याला २७ रिंगा, शिवाय बीमच्या सांध्यातल्या वेगळ्या. त्या आधी ओवल्या नाहीत तर नंतर बंद रिंग आत जात नाही. मग फिटर हुक उघडतो, रिंग बाजूने घुसवतो आणि हुक ९० अंशांत कसाबसा वळवतो. किंवा रिंग टाकतच नाही.

४. वरची सळई चढवा. खालच्या सळईच्या टोकापासून ७८० मिमी खाली खडूने खूण करा. वरच्या सळईचं बूड खुणेवर येऊ द्या. दोन्ही सळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. दोन्ही टोकांना आणि मध्ये, किमान तीन ठिकाणी बांधा. तारेची टोकं आत वळवा. कव्हरमध्ये राहिलेलं टोक गंजून प्लास्टरवर डाग आणतं.

५. रिंगा जागेवर बसवा. सळईवर खडूने अंतर आखून मगच बांधा. हुकाचा कोपरा प्रत्येक रिंगेला फिरवत न्या, सगळे हुक एकाच कोपऱ्यात नकोत.

६. कव्हर ब्लॉक ४० मिमीचे, चारही बाजूंना, लॅपच्या भागातही. विटेचा, फरशीचा किंवा खडीचा तुकडा चालत नाही.

> सावधान: रिंगा मुख्य सळईला वेल्डिंगच्या टाक्याने चिकटवू नका. टाका पडतो तिथे टीएमटीची ताकद कमी होते. काम लवकर होतं, एवढाच त्याचा फायदा.

सळ्या जागेवरून सरकल्या असतील तर. स्लॅब टाकताना कॉलमच्या सळ्या इंच-दोन इंच हलतात. फरक थोडा असेल तर ६ ला १ च्या उतारानेच जागेवर आणा. ५० मिमी सरकलेल्या सळईला ३०० मिमी उंची लागेल. फरक ७५ मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर वाकवायची नाही. तिथे स्वतंत्र सळ्या लागतात आणि त्याचं डिझाइन इंजिनिअर देईल. मुळात सरकू द्यायच्या नसतील तर स्लॅबच्या वर एक आणि त्याच्या वर मीटरभर अंतरावर दुसरी रिंग काँक्रीटच्या आधीच घट्ट बांधून ठेवा.

## टप्पा ७: बीमची बांधणी

खालच्या सळ्या आधी, मग रिंगा, मग वरच्या सळ्या. टोकाच्या कॉलममध्ये बीमच्या सळ्या आतल्या कडेवर थांबवू नका. त्या पलीकडच्या सळ्यांपर्यंत जाऊन वळल्या पाहिजेत, वरच्या खाली आणि खालच्या वर. आतल्या कडेपासून लागणारी पकड म्हणजे टप्पा २ मधली पूर्ण लांबी अधिक १० डी, त्यातून ९० अंशांच्या वाकाची सूट वजा. वाक छोटा ठेवून सळई वाचवण्याची सवय इथे महागात पडते.

लॅपच्या भागात रिंगांचं अंतर १५० मिमीपेक्षा जास्त नाही. ७८० मिमीच्या लॅपमध्ये ७ रिंगा येतात. कॉलमच्या कडेपासून पहिली रिंग ५० मिमीच्या आत.

आता फटींचा हिशेब. २३० रुंद बीम, ३० मिमी कव्हर, ८ मिमी रिंग. आत १५४ मिमी उरतात. १६ मिमीच्या ४ सळ्या एका ओळीत आहेत आणि त्यांतल्या दोन जोडल्या तर ओळीत ६ सळ्या होतात, ९६ मिमी. फटी तीन, प्रत्येकी १९ मिमी. २० मिमीची खडी त्यातून जाणार नाही. नियमाने फट खडीपेक्षा ५ मिमी जास्त, म्हणजे २५ हवी. उपाय दोन: जोडीची सळई शेजारी न ठेवता वर किंवा खाली ठेवा, नाहीतर ओळीत ३ सळ्या ठेवून चौथी दुसऱ्या ओळीत घ्या. चारही सळ्या एका जागी जोडल्या तर फट ९ मिमीपेक्षा कमी राहते. फळ्या काढल्यावर बीमच्या पोटाशी दिसणारी सळई आणि खडीची जाळी पुष्कळदा अशीच तयार होते. नंतर तिच्यावर प्लास्टर चढतं.

## टप्पा ८: काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळची तपासणी

काँक्रीटच्या दिवशी सकाळी मिक्सर, माणसं, पंप सगळं दारात उभं असतं. तेव्हा कोणी रिंग उघडायला तयार होत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी टेप घेऊन हे पाहा:

- प्रत्येक लॅपची लांबी. नजरेने नाही, टेपने.
- लॅपचं खालचं टोक मजल्यापासून किती.
- एका पातळीवर किती सळ्या जोडल्या आहेत.
- लॅपमधल्या रिंगा मोजून. ९ म्हणजे ९.
- हुकांचे कोन.
- सांध्यात रिंगा आहेत का. बीमच्या सळ्या आडव्या येतात म्हणून फिटर त्या टाळतो.
- लॅपच्या मागून-पुढून व्हायब्रेटरची सुई जाते का. ४० मिमीची जात नसेल तर २५ ची मागवा.

फोटोत टेप दिसेल असा प्रत्येक कॉलमच्या लॅपचा फोटो काढून ठेवा. काँक्रीट पडल्यावर दुसरा पुरावा उरत नाही.

काँक्रीट ओतताना १.५ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नका. लॅपच्या भागात थर छोटे ठेवा. सुई सळईला टेकवून सळई हलवू नका. खालचं अर्धवट घट्ट झालेलं काँक्रीट तिच्यापासून सुटतं.

## कपलर आणि वेल्डिंग

२० मिमी आणि त्याहून जाड सळ्या दाटीने असतील तर कपलरचा (दोन सळ्यांची टोकं जोडणाऱ्या नळीचा) विचार करा. आयएस १६१७२ प्रमाणे तपासलेलाच घ्या, तपासणीचा कागद मागा. सळईचं टोक करवतीने काटकोनात कापलेलं हवं, कातरीने चेपलेलं नको. आटे दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्यापर्यंत गेले आहेत का हे आधी केलेल्या खुणेवरून पाहा. कपलर सळईपेक्षा जाड असतो, त्यामुळे तिथलं कव्हर वेगळं तपासावं लागतं.

साइटवर वेल्डिंगने सळई लांबवणं टाळा. रासायनिक घटकांचा दाखला, योग्य रॉड, प्रशिक्षित वेल्डर आणि नमुन्याची ओढून केलेली चाचणी, हे सगळं असेल तरच तो विषय निघतो.

## पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या जुन्या सळ्या

गच्चीवर दोन फूट सळ्या सोडून पाच-सात पावसाळे गेलेले असतात. कोल्हापूरच्या पावसात स्लॅबलगतचा भाग सर्वांत आधी खातो, कारण बुडाशी पाणी साचतं. आधी घासा, मग व्हर्निअरने बुडाशी व्यास मोजा. खड्डे पडले असतील किंवा व्यास घटला असेल तर ती सळई पूर्ण ताकदीची धरता येत नाही.

उरलेली लांबी लॅपपेक्षा कमी असेल तर कॉलमचा माथा फोडून सळई उघडी करू नका, तो बीमचा सांधा आहे. आटे न पाडता बसणारा कपलर किंवा रासायनिक पद्धतीने रोवलेल्या सळ्या, दोन्ही इंजिनिअरच्या डिझाइननेच. लांबी पुरेशी असेल तरी लॅप स्लॅबलगत आणि सगळ्या सळ्यांचा एकत्र येणार, ही उणीव राहते. ती किती सोसवेल हे वरच्या मजल्याचं वजन आणि खालचा कॉलम पाहून इंजिनिअर ठरवेल.

नवीन बांधकामात पुढच्या मजल्याची सोय ठेवायचीच असेल तर ‘अ’ आणि ‘ब’ गट वेगवेगळ्या उंचीवर सोडा, सगळ्या सळ्यांना सिमेंटचा घट्ट घोळ दोन हात लावा आणि भोवती हलक्या प्रतीच्या काँक्रीटचा खांब भरून टाका. बुडाशी पाणी उतरून जाईल असा उतार द्या. पुढे मजला चढवताना तो खांब छिन्नीने हळू फोडायचा. ब्रेकर लावला तर सळ्या बुडाशी हलतात.